खळ्यावरची पावलं

१

काशीनाथदादाचा फोन आला तेव्हा मी मसोलीतल्या माझ्या घरी चहा गाळत होते. "बकुळा, वाडीवर ये. विहिरीत माणूस आहे," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. माणूस जिवंत आहे की मेलेला हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. जिवंत माणसासाठी कुणी आधी वकिलाला बोलवत नाही.

काशीनाथ राऊत माझा चुलतभाऊ. आशागडच्या पुढे त्याची चिकूची वाडी आणि मागे थोडी भातशेती आहे. डहाणूच्या कोर्टात माझं आयुष्य गेलं. नातेवाइकांना माझी आठवण दोनच वेळा येते, जमिनीची मोजणी निघाली की आणि पोलीस येणार असले की. चहा तसाच ओट्यावर सोडून मी स्कूटर काढली.

वाडीवर पोलीस अजून पोचायचे होते. फाटकातून आत गेलं की चिकू भरायची शेड, शेडच्या टोकाला एक खोली, तिच्यासमोर भात झोडायचं खळं आणि खळ्यापलीकडे विहीर. एका अंगाला तारेचं कुंपण, दुसऱ्या अंगाला क्रेटची उंच थप्पी. शेडमधून विहिरीवर जायचं तर खळ्यातूनच जावं लागतं. आदल्या संध्याकाळी खळं शेणाने नव्याने सारवलेलं होतं. मी सवयीने चप्पल काठाला काढली. खळ्यात आम्ही लक्ष्मी मानतो, पाड्यावरचे लोक कणसरी म्हणतात, आणि तिथे पायताण घालून जायचं नाही हे आमच्या बापाने पाठीत धपाटा घालून शिकवलं होतं.

सारवण वाळून कडक झालं होतं. त्यात अनवाणी पावलं उमटलेली दिसली, विहिरीकडे गेलेली आणि परत आलेली. वाडीचा जुना गडी हाल्या विहिरीपाशी उभा होता. त्यानेच प्रेत पाहिलं होतं, तेव्हा पावलं त्याचीच असणार असं मी धरून चालले. तरी फोनवर फोटो काढून ठेवले. पोलीस आले की एवढ्या माणसांचे पाय पडतात की मग काहीच ओळखू येत नाही.

विहिरीच्या कठड्याला एक चपलांचा जोड नीट लावून ठेवला होता. स्वच्छ, कोरड्या चपला. हाल्याचे पाय मात्र पोटरीपर्यंत चिखलाने भरले होते.

"कोण आहे रे?" मी विचारलं.

"उमेश हाय, बाय," हाल्या म्हणाला. "शुक्रीचा उमेश."

उमेशला मी ओळखत होते. पाड्यावरचा बारावी झालेला पहिला मुलगा. कागदावर सही करताना तो आधी सगळा कागद वाचायचा आणि मग मला चार प्रश्न विचारायचा. तेवढ्यात दादाचा मुलगा देवेश धावत आला.

"आत्या, हे बघ," त्याने फोन पुढे केला. "उमेशने काल संध्याकाळी साईटवर टाकलंय."

पडद्यावर तीन ओळी होत्या. 'मी ही साईट विकली. माझ्याच माणसांना फसवलं. मला माफ करा. उमेश.'

२

उमेशचा धंदा पाड्यात कुणाला धड कळला नव्हता, म्हणून इथे सांगून टाकते. तो छोट्या वेबसाइट बांधायचा. एक चिकूच्या पदार्थांची, एक समुद्रकिनारी राहायच्या घरांची, एक भातावरच्या किडीची. वाचणारे वाढेपर्यंत तिची निगा राखायची आणि मग ऑनलाइन बाजारात मांडून विकायची. घेणारा दिल्लीचा असो की दुबईचा, त्याला तयार गिऱ्हाईक मिळतं. देवेश त्याचा भागीदार. शेडच्या टोकाची खोली त्यांचं ऑफिस. देवेशची बायको रिया इंग्रजीत जाहिराती लिहायची आणि गिऱ्हाइकांशी बोलायची. उमेशचा मावसभाऊ नविन पाड्यापाड्यांतून फोटो आणि माहिती आणायचा, एरवी शेडमध्ये क्रेट उचलायचा.

एक साईट मात्र उमेशने कधी बाजारात मांडली नाही. 'पाड्याची खबर'. कुठल्या भट्टीवर मजुरी बुडवतात, कुठल्या कंपनीत खरंच भरती आहे, कुठल्या मुकादमापासून लांब राहायचं, असं सगळं त्यात होतं. डहाणू-तलासरीच्या पाड्यांत लोक त्या साईटवर डोळे मिटून विश्वास ठेवत.

तोच विश्वास कुणीतरी विकला. नवरात्र संपता संपता साईटवर वापीच्या नोकऱ्या दिसू लागल्या. आधी अनामत भरा, मग कामावर या. लोकांनी कोंबड्या विकल्या, कानातलं गहाण टाकलं. सांगितलेल्या दिवशी टेम्पो करून गेले आणि एका बंद गेटसमोर दिवसभर उन्हात उभे राहिले. गेटच्या आत नुसतं गवत होतं.

मग पाडा उमेशवर उलटला. विहिरीतलं प्रेत आणि त्या तीन ओळी मिळाल्यावर फौजदारांनाही फार शोधावं लागलं नाही. डॉक्टरांनी लिहिलं, बुडून मृत्यू, फुफ्फुसांत पाणी. डोक्याला मागे मार होता, पण विहिरीच्या पायऱ्या दगडी आहेत, पडताना लागलं असेल. शरमेने जीव दिला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मीही ठरवलं होतं, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी शुक्री माझ्या दारात येऊन उभी राहिली.

३

शुक्री, उमेशची आई. चिकू वेचून वेचून बोटं काळी पडलेली बाई. ती रडत नव्हती. तिने कमरेचा फोन काढून माझ्या हातात दिला.

"वकीलबाय, ह्ये वाचून दाखव."

मी त्या तीन ओळी वाचल्या. तिने मान हलवली.

"सगले बोलतात माज्या पोऱ्यानं लिवलं. बाय, माज्या पोऱ्यानं मना कवा वाचाय लावलं नाय."

मला पटकन कळलं नाही. तिने स्वतःच साईटचं जुनं पान उघडलं आणि एका गोल खुणेवर काळं बोट दाबलं. फोनमधून उमेशचा आवाज आला, त्यांच्या बोलीत, संथ, शेजारी बसून सांगावं तसा. प्रत्येक पानावर तसाच. कधी त्याचा आवाज, कधी कुणा म्हातारीचा. पाड्यात वाचणारे किती? साईट ऐकायचीच होती. सगळ्या डहाणूत ते ठाऊक होतं आणि मी शहाणी तिथे फक्त अक्षरं बघत बसले होते.

"त्याला माफी मागायची असती तर मना मागितली असती. बोलून. मना वाचता येत नाय ह्ये त्याला म्हाइत नव्हतं काय?"

"शुक्री, बोलायची हिंमत झाली नसेल..."

"मंग लिवलं कोनासाठी?" ती एकदम ओरडली.

मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लिहिणाऱ्याने लिहिलं, कारण आवाज उमेशचा काढता येत नाही. एवढी साधी गोष्ट!

"त्याचा दिवस घालायचा हाय," शुक्री खाली बसत म्हणाली. "कोनी येनार नाय बोलतात. शेजारची पुतळी तर दारात थुकून गेली. पाडा नाय आला तर पोऱ्या वाटंतच ऱ्हाईल, बाय. त्याला वाट नाय मिलायची."

मेल्या माणसाचा दिवस घालायला तिथे सगळा पाडा लागतो. गाणारा लागतो, भात रांधणाऱ्या बाया लागतात, रात्रभर बसणारी माणसं लागतात. तिरडीलासुद्धा तिघंच आले होते, म्हणाली. पुढे नविन होता.

"मी शोधते," मी म्हटलं. "पण जे निघेल ते निघेल. मग मला बोल लावू नकोस."

"निघू दे," शुक्री म्हणाली.

४

देवेश आणि रियाला मी वाडीवर गाठलं. देवेश विहिरीकडून येताना बुटांसकट खळ्यातून सरळ चालत आला.

"देवा, पायातलं काढ!" शेडमधून काशीनाथदादा खेकसला. दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर दादाला खुर्चीतून उठायला माणूस लागतो, पण आवाज शाबूत आहे.

"पप्पा, भात मशीनने झोडतो आपण. हे खळं तुमच्या हौसेचं," देवेश म्हणाला. मागून रियाही उंच टाचांच्या सँडल ठोकत आली. सारवणाला भोकं पडली. आमच्या घरात आता लक्ष्मीलाच बाजूला सरकावं लागतं.

"उमेशशी भांडण कशावरून झालं?" मी विचारलं.

देवेशने लपवलं नाही. "'पाड्याची खबर'वरूनच. आत्या, घेणारे मागे लागले होते. हा म्हणे, त्यात आपली माणसं आहेत, विकायची नाही. अगं, या धंद्यात साईटवर जीव लावून कसं चालेल? बांधायची, वाढवायची, सोडून द्यायची. मी चिडलो, नाही म्हणत नाही. म्हटलं, तू आयुष्यभर पाड्यातच राहणार."

"मग तूच विकलीस."

"कशी? साईट त्याच्या एकट्याच्या नावावर. दुसऱ्याच्या नावावर करायची तर त्याच्या नंबरवर ओटीपी येतो. तो मला कोण देणार?"

तो अंगाने दणकट होता, रोज जिमला जाणारा. उमेशसारख्या भरल्या अंगाच्या माणसालाही त्याने सहज उचललं असतं. त्या संध्याकाळी तो समुद्रावर पळायला गेला होता म्हणे, एकटाच. साक्षीदार कोण तर समुद्र!

रियाने नखं न्याहाळत सांगितलं, "तो घेणारा आधी माझ्याकडेच आला होता. नाव बदलून बदलून मेसेज करायचा. मी कळवलं की ही विकायची नाही, मालकाशी बोला, आणि उमेशचा नंबर दिला. विषय संपला. मी त्या दिवशी घरीच होते."

"मग उमेशशी त्याचं बोलणं झालं?"

"ते कसं सांगू? नंबर उमेशचा, पण तो फोन बऱ्याचदा नविन घेऊन फिरायचा. म्हाताऱ्यांचे आवाज भरायला. उमेश इथे लॅपटॉपवर."

देवेश बायकोकडे रागाने बघत होता. नंबर दिल्याचं तिने त्याला सांगितलंच नव्हतं. दोघांची तिथेच जुंपली. त्यांना तसंच सोडून मी पाड्याकडे निघाले.

५

नविन शुक्रीच्या बहिणीचा, नवशीचा मुलगा. दोन्ही झोपड्या समोरासमोर. मी गेले तेव्हा तो शुक्रीच्या झोपडीची कुडाची भिंत नीट करत होता. पाड्यात तेवढाच एक माणूस तिच्या अंगणात येत होता. त्याने मला खाट टाकून दिली, पाणी आणलं.

"फोन माज्याकडं असायचा, मंग काय?" तो म्हणाला. "ओटीपी आला तरी मना काय कलतंय? मी तलासरीच्या बाजाराला गेलतो त्या दिवशी. उमेश मना भावासारखा व्हता, बाय."

बोलून तो पुन्हा भिंत लिंपू लागला. मला त्याची दया आली. नवशी दारात बसून तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही.

परतताना वाटेत हाल्या भेटला. त्याला मी सहज विचारलं, "हाल्या, त्या सकाळी तू खळ्यातून विहिरीवर गेलास ना?"

"नाय बाय. मी पाटाच्या वाटंनं आलो. माजं घर मागंच हाय. पाटाला पानी सोडलं व्हतं, ह्ये गुडघाभर चिखल."

मी जागच्या जागी थांबले. "मग खळ्यावरची पावलं कुणाची?"

"म्हाइत नाय. रूपीनं सांजेला सारवलं. सकालपोत वालून दगड झालेलं."

रूपी म्हणजे त्याची बायको. मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून फोनमधले फोटो उघडले. त्या सकाळी मी त्याच खळ्यातून चालले होते आणि माझं एक पाऊलही उमटलं नव्हतं. म्हणजे ती पावलं आदल्या संध्याकाळची, सारवण ओलं असतानाची. जाणारी आणि परत येणारी, एकाच माणसाची, बोटं फाकलेली रुंद पावलं. जाणारी खोल रुतलेली. येणारी उथळ.

उमेश तर परत आलाच नव्हता.

मग उमेश विहिरीवर कसा गेला? पाटाच्या वाटेने गेला असता तर कठड्यापाशी ठेवलेल्या त्याच्या चपला चिखलाने भरल्या असत्या, आणि त्या स्वच्छ होत्या. खळ्यातून स्वतः गेला असता तर चपला खळ्याच्या काठाला राहिल्या असत्या. जीव द्यायला निघालेला माणूस चपला हातात धरून नेत नाही. त्याला कुणीतरी उचलून नेलं होतं, त्याच्या चपलांसकट. आणि नेणाऱ्याने, खांद्यावर एवढं ओझं असताना, आपली पायताणं मात्र काढून ठेवली होती.

असं करणारा माणूस कोण, हे कळलं तेव्हा मला आनंद झाला नाही. शुक्रीला काय तोंड दाखवू, हाच विचार आधी आला.

६

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना मी सगळ्यांना वाडीवर बोलावलं. फौजदारही आले. दादा खुर्चीत, शुक्री शेडच्या खांबाला टेकून. रूपीकडून मी खळं पुन्हा सारवून घेतलं होतं, ते ओलं होतं.

"देवेश, चिकूचं ते भरलेलं क्रेट विहिरीपाशी ठेवून ये."

"आत्या, हे काय नाटक?" कुरकुरत त्याने क्रेट उचललं आणि बुटांनी सारवण तुडवत गेला. दादाने कपाळाला हात लावला.

"नविन, आता तू."

नविनने क्रेट झोकात खांद्यावर घेतलं. खळ्याच्या काठाला आला आणि खाली न बघता, न थांबता, एका पायाने दुसऱ्या पायातली चप्पल सरकवली, मग दुसरी. अनवाणी तो विहिरीपर्यंत गेला, ओझं ठेवलं आणि परत आला. ओल्या शेणात पावलं राहिली. जाताना खोल, येताना उथळ, बोटं फाकलेली.

मी फौजदारांच्या हातात माझा फोन दिला. त्यांनी फोटो बघितला, खळं बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"दादाला उभं राहता येत नाही," मी म्हटलं. "हाल्या काडीसारखा, उमेशला उचलणं त्याच्याच्याने झालं नसतं. देवेशने उचललं असतं, पण त्याने बूट काढले नसते. बापाने ओरडून सांगितलं तरी तो काढत नाही. शिवाय बुटात वाढलेला पाय असा फाकत नाही. पाड्यातलं कुणी चिडून आलं असतं, तर त्याला साईटवर लिहिता आलं नसतं. रियाने नंबर दिला, घेणाऱ्याने फोन लावला, आणि तो फोन तेव्हा ज्याच्या खिशात होता त्यानेच सौदा केला, ओटीपीही त्यानेच दिला. नविन, मी चुकत असेन तर सांग."

नविनने आपल्याच पावलांकडे बघितलं. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. पण समोर शुक्री होती.

"सगली खबर मी आनायचो," तो म्हणाला. "उन्हातान्हात मी फिरायचो. साईट त्याच्या नावावर. मना वाटलं, माजी पन हाय. घेनारा बोलला, नुसती जाहिरात टाकनार. लोकांना फसवनार ह्ये मना म्हाइत नव्हतं, मावशे, आईची आन!"

शुक्री खळ्यातल्या पावलांकडे बघत होती.

"त्याला कललं. त्यानं तेंच्या हातनं साईट कशीतरी सोडवली. बोलला, उद्या सगल्यांना सांगनार, तुजं नाव घेऊन. पाड्यातली सगली ऐकतील. माजी आय पन ऐकंल. मी ढकलला, तो शेडमधल्या वजनकाट्यावर पडला. मारायचा नव्हता मना. तो हालत नव्हता. श्वास नव्हता. मेला असं वाटलं म्हनून नेला..."

"आणि मग येऊन त्याच्या लॅपटॉपवर लिहिलंस?" फौजदारांनी विचारलं.

त्याने मान डोलावली.

ते मी सांगायला नको होतं, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं. पण तेव्हा राग डोक्यात गेला होता. "नविन, डॉक्टरांनी लिहिलंय, त्याच्या छातीत पाणी होतं. मेलेला माणूस पाणी ओढत नाही. तू नेलास तेव्हा उमेश जिवंत होता."

तो खळ्यात मटकन बसला. शुक्रीच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आजवर कुठल्याही कोर्टात ऐकलेला नाही. दादाने तोंड फिरवलं. फौजदारांनी नविनला दंडाला धरून उठवलं आणि काठाला आल्यावर तो सवयीने चपला शोधू लागला.

७

उमेशचा दिवस झाला. सगळा पाडा आला. पुतळी डोक्यावर तांदळाची टोपली घेऊन आली आणि सगळ्यात मोठ्याने रडली. गाणारा आला, म्हातारे आले, वापीच्या गेटवर उभे राहिलेले आले. जो तो सांगत होता की आपला उमेशवर पहिल्यापासून विश्वास होता. मला एकेकाला झोडपावंसं वाटत होतं. शुक्री मात्र प्रत्येकाच्या पानात भात वाढत होती, कुणालाही काही न बोलता.

समोरच्या झोपडीचं दार बंद होतं. तिच्या अंगणातून कुणी जात नव्हतं. पोरं पाण्याला जायची तर लांबून वळसा घालून. पाड्याने काही नवं केलं नव्हतं, शुक्रीच्या दारावरचा बहिष्कार उचलून नवशीच्या दारावर ठेवला होता.

जेवणं आटोपत आली तेव्हा शुक्रीने एका पानात भात घेतला, वर डाळ घातली आणि माझ्यापुढे धरला.

"मी नाय जानार. मना नाय जमायचं," ती म्हणाली. "पन ती उपाशी असंल. तू नेऊन दे, वकीलबाय."

मी गेले. नवशी अंधारात कुडाला टेकून बसली होती. पान पुढे ठेवलं तर तिने विचारलं, "कोनी दिला?"

"शुक्रीने."

तिने भाताकडे बघितलं, हात लावला नाही. बाहेर गाणं चाललं होतं, उमेशचं नाव घेऊन त्याला वाट दाखवत होते. नवशी पदर तोंडात धरून ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "दोनी पोरं माज्याच अंगावर वाढली, बाय. तिला सांग, मी पन रडतंय. पन कोनासाठी, ह्ये नको सांगू."

मी परत आले. शुक्री अंगणाच्या कडेला माझी वाट बघत उभी होती. तिने डोळ्यांनीच विचारलं.

"जेवली," मी म्हटलं.